मुंबई ते ब्युनॉस आयर्स: नक्की किती किलोमीटर आणि किती तास?

मंगळवारपेठ_१०
मंडळी नमस्कार. प्रश्न जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट विचारलं की उत्तरपण अर्धवट येतंय.
माझे काका आता ६२ वर्षांचे. कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीममधनं गोलकीपर म्हणून खेळलेत, शाहू स्टेडियमवर त्यांचे मॅच बघितलेली जुनी माणसं अजून रस्त्यात थांबवून बोलतात. १९८६ चा वर्ल्ड कप त्यांनी गल्लीतल्या एकाच टीव्हीवर बघितला आणि तेव्हापासनं आमच्या घरात अर्जेंटिना म्हणजे अर्जेंटिना, दुसरा विषय नाही. २०२२ ला लुसेलच्या फायनलमध्ये पेनल्टीवर जिंकलो तेव्हा काका अक्षरशः रडले. आता ते रिटायर झालेत, त्यांनी पैसे बाजूला टाकलेत, मीपण थोडे टाकालोय, आणि येत्या नोव्हेंबरात दोघांनी ब्युनॉस आयर्सला जायचं असं ठरवालोय.
अडचण अशी की बेसिक आकडाच कळंना. एका साइटवर अंतर १४,९५० दिसतंय, दुसरीकडं ९,२९०, तिसरीकडं ८,०७०. एवढा फरक कसा काय? एकीकडं लिहिलंय फ्लाइट टाइम १८ तास, दुसरीकडं ३१ तास. आणि तिकिटाच्या ॲपवर दाखवतंय मुंबईहून पहाटे ४:३० ला निघून त्याच तारखेला रात्री ८:३५ ला पोचतंय, म्हणजे माझ्या हिशोबानं १६ तास, पण त्याच्याच खाली बारीक अक्षरात २४ तास ३५ मिनिटं. आता यातलं खरं काय समजायचं?
विचारायचं मुख्य कारण काकांची तब्येत. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, गुडघा एक जरा धरतो. एवढा वेळ बसवंल का त्यांना, मधे थांबा घ्यावा का, कुठल्या बाजूनं जावं, हे ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा. "नका जाऊ, लई लांब आहे" असं सांगणारे घरात भरपूर आहेत.

भूगोलाच्या_बाई
तुझे तिन्ही आकडे बरोबर आहेत बाळ, एकके वेगळी आहेत. १४,९५० हे किलोमीटर, ९,२९० हे मैल, आणि ८,०७० हे नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, विमानवाले आणि जहाजवाले तेच वापरतात. कॅल्क्युलेटरवर गुणून बघ, जुळतंय.
हे अंतर कसं काढतात तेही सांगते, कारण इथं पुष्कळांचा गोंधळ होतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते ब्युनॉस आयर्स रेघ मारलीस तर ती जवळचा रस्ता दाखवत नाही, कारण गोल पृथ्वी कागदावर पसरताना ताणलेली असते. घरात पृथ्वीगोल असेल, नसेल तर कुठल्याही शाळेत मिळेल, त्यावर एक दोरा घे, एक टोक मुंबईवर आणि दुसरं ब्युनॉस आयर्सवर धर आणि ताण. दोरा आपोआप जिथनं जाईल तो सगळ्यात जवळचा मार्ग. तुझ्या बाबतीत तो अरबी समुद्रावरनं नैऋत्येला जातो, विषुववृत्ताजवळ सोमालियाच्या दक्षिण टोकाशी आफ्रिकेत शिरतो, मग केनिया, टांझानिया, झांबिया, पुढं अंगोला-नामिबियाची हद्द, आणि तिथनं दक्षिण अटलांटिक ओलांडून थेट अर्जेंटिना. मी वर्गात मुलांना हा दोऱ्याचा प्रयोग करायला लावायची. सपाट नकाशावरची रेघ काँगो नदीच्या मुखाजवळनं जाते आणि दोरा त्याच्या बराच खाली, नामिबियावरनं जातो, हे स्वतः बघितल्याशिवाय कुणालाच पटत नाही.
अजून एक. पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं जास्तीत जास्त अंतर साधारण २०,००० किलोमीटरच असू शकतं, कारण घेर ४०,००० चा आहे, त्याच्या पुढं गेलं की उलट्या बाजूनं जवळ पडतं. म्हणजे तुम्ही दोघं शक्य असलेल्या अंतराच्या पाऊण भाग जाणार. लांब आहे हे खरंच आहे, पण काकांना घेऊन जातोयस हे वाचून फार बरं वाटलं.

दर्यावर्दी_गडहिंग्लज
भावा, मी मर्चंट नेव्हीत आहे, तिकडं जहाज जॉइन करायला आणि उतरून घरी यायला याच रूटनं जाणं-येणं होतंय. आमची बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारी जहाजं, रोसारियोच्या पट्ट्यात पाराना नदीत सोयाबीन, मका भरायला जातात, रोसारियो म्हणजे मेस्सीचं गाव हे काकांना सांग. आपल्या स्वयंपाकघरात येणाऱ्या सोयाबीन तेलातलं बरंचसं तिकडनंच येतंय.
आता तासांचं. भारतातनं अर्जेंटिनाला थेट फ्लाइट नाही. त्यामुळं तुला जे १८ तास दिसलं ते नुसतं गणित आहे, अंतर भागिले वेग. खरं विमान थेट गेलं असतं तर साधारण तेवढंच लागलं असतं हे मात्र बरोबर. प्रत्यक्षात मधे कुठंतरी उतरायचंच, आणि बहुतेक वेळा दोनदा.
दुबईमार्गे एमिरेट्सचं बघितलंस तर मुंबई-दुबई १,९२५ किमी आणि सव्वातीन तास, दुबई-रिओ ११,८८० च्या आसपास आणि साडेचौदा तासांच्या वर, मग रिओतनं ब्युनॉस आयर्स अजून २,००० किमी म्हणजे परत सव्वातीन-साडेतीन तास. सगळी बेरीज केली तर १५,८०० किमी होतात, म्हणजे दोऱ्याच्या अंतरापेक्षा फक्त साडेआठशे जास्त. दुबई वाटेतच पडतंय म्हण की. इथिओपियनचं अदिस अबाबा आणि साओ पावलो करून जातं, ते १५,५०० च्या आत बसतंय, किलोमीटरनं सगळ्यात जवळचं तेच. तुर्कीचं इस्तंबूल-साओ पावलो करून जातं, ते १७,००० च्या वर जातंय कारण आधी उलटं वर उत्तरेला चढायचं आणि मग खाली यायचं. कतारचंपण दोहा-साओ पावलो आहे.
पण अंतर बघून तिकीट घेऊ नको हे माझं स्पष्ट मत. पाचशे-हजार किलोमीटरचा फरक म्हणजे हवेत अर्धा ते सव्वा तास. मधल्या एअरपोर्टवर बसायला लागणारा वेळ दोन तासापासनं चौदा तासापर्यंत कितीही असू शकतो आणि २४ चे ३१ तास तिथंच होतात. त्यामुळं ॲपवर फिल्टर लावताना एकूण वेळ आणि लेओव्हर (हाच मधे बसायचा वेळ) दोन्ही बघ. लेओव्हर सव्वा तासाचा आला तरी नको, पहिली फ्लाइट थोडी लेट झाली की पुढची गेली. काकांचा गुडघा धरतो म्हणालास, दुबईसारख्या ठिकाणी एका गेटवरनं दुसऱ्या गेटला जायला चालणं भरपूर असतं, तिकीट काढतानाच व्हीलचेअर असिस्टन्स मागून ठेव. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, तिथं रांगा टाळून नेतात.
दुबई-रिओचा टप्पा सकाळी सुटतो तो घेतलास तर एक गोष्ट लक्षात ठेव. विमान पश्चिमेला जातं म्हणजे सूर्याच्या मागं मागं, त्यामुळं साडेचौदा तास उडूनही रिओला उतरताना बाहेर लख्ख ऊन असतं. आत खिडक्या बंद करून अंधार करतात पण शरीराला कळत नाही रात्र कधी झाली. डोळ्यावर बांधायची पट्टी घेऊन जा. मी दुबईहून निघाल्यावर पहिलं जेवण झालं की भारतातल्या वेळेकडं बघायचं बंद करतो आणि पोचायच्या ठिकाणची वेळ धरून झोपतो, त्यानं दुसऱ्या दिवशी लई फरक पडतो. काकांच्या गोळ्यांचं मात्र वेगळं, ते डॉक्टरांना विचारूनच.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे ॲपवर कुठंच दिसणार नाही. यलो फीव्हरची लस. अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया हे तिन्ही देश भारत सरकारच्या यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. तिकडनं परत येताना मुंबईत उतरल्यावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली लागते. आमच्या लाइनमध्ये सगळ्यांकडं हे कार्ड असतंच, पण टुरिस्ट म्हणून जाणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

मंगळवारपेठ_१०
बाई, दोऱ्याचा प्रयोग काकांनी पुतणीच्या पृथ्वीगोलावर लगेच करून बघितला, नामिबियावरनंच गेला. आता घरात येईल त्याला दाखवालेत.
दर्यावर्दी दादा, लशीचं खरंच माहीत नव्हतं, लई उपकार झाले. पण ४:३० ते ८:३५ चं कोडं अजून सुटंना. आणि हे थेट विमान का नाही? एवढी मोठी विमानं आहेत आता.

शाहूपुरी_तिकीटखिडकी
तुमचं ४:३० ते ८:३५ चं मी सांगतो, तिकीट काढायचाच धंदा आहे आमचा.
तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती त्या त्या गावची असते. निघायची वेळ मुंबईची, पोचायची वेळ ब्युनॉस आयर्सची. अर्जेंटिना आपल्यापेक्षा साडेआठ तास मागं आहे. म्हणजे तिकडं रात्रीचे ८:३५ होतात तेव्हा कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे ५:०५ वाजलेले असतात. ४:३० पासनं मोजा, २४ तास ३५ मिनिटं बरोबर झाले. त्यातले हवेतले सव्वाएकवीस आणि बाकीचे दुबई-रिओत जमिनीवरचे. सोपा नियम म्हणजे पश्चिमेला जाताना घड्याळ्यातल्या फरकात साडेआठ मिळवायचे आणि येताना वजा करायचे. रिओ आणि साओ पावलोची वेळपण अर्जेंटिनाचीच आहे, त्यामुळं तिथनं पुढं काट्याला हात लावायला नको.
येताना उलटं होतं. समजा तिकडनं २० तारखेला रात्री दहाला निघालात आणि सगळं मिळून २६ तास लागले, तर मुंबईत उतराल ते २२ तारखेला सकाळी साडेआठला. मधली २१ तारीख कुठं गेली म्हणून लोक फोन करतात आम्हाला. त्यामुळं काका रिटायर असले तरी तुमची सुट्टी टाकताना हे धरून टाका, नाहीतर साहेबासमोर उभं राहायची वेळ येते.
आता खरी फसगत कुठं होते सांगतो. पहाटे ४:३० ची १५ तारखेची फ्लाइट म्हणजे तुम्ही एअरपोर्टवर १४ तारखेच्या रात्रीच पाहिजे, आणि कोल्हापुरातनं १४ च्या सकाळी-दुपारीच निघायला पाहिजे. १५ तारीख बघून १४ च्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन केलेली माणसं मी बघितलीत. गाडी सीएसएमटीला पोचते १५ ला सकाळी, तोवर विमान दुबईजवळ पोचलेलं असतंय. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्र ते पहाट याच वेळात सुटतात, म्हणून तारखेखाली पेनानं रेघ मारून ठेवा.
कोल्हापूर ते मुंबई हा तुमचा पहिला टप्पा, आणि माझ्या अनुभवात तिकीट चुकतं ते इथंच, दुबईत नाही. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या एअरपोर्टवरनं, मुंबईचं विमान तासाभरात नेतं पण त्याची वेळ आणि वार आधी तपासा, आणि ते तिकीट वेगळं काढलेलं असेल तर ते रद्द झालं म्हणून एमिरेट्स किंवा कुणीही तुमच्यासाठी थांबणार नाही. एकाच बुकिंगमध्ये, एकाच पीएनआरवर सगळे टप्पे असतील तर पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तरी पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं जोडून चार-पाच हजार वाचतात, पण ६२ वर्षांचं माणूस बरोबर असताना ते वाचवू नका.
गाडीनं जाणार असाल तर हायवेचं सहापदरीकरणाचं काम, खंबाटकी, मग पुणं आणि खंडाळ्याचा घाट, आठ तास धरा आणि वर चार तास मोकळे ठेवा. शनिवार-रविवार आला तर आणखी. आणि आता एक नवी गोष्ट, डिसेंबर २०२५ पासनं नवी मुंबईचा एअरपोर्टपण सुरू झालाय. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरी-सहारचा जुना, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा. कोल्हापूरकडनं जाताना नवी मुंबई आधी लागतं, त्यामुळं ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा कुठं जायचंय.

उजळाईवाडीचा_विमानवेडा
थेट विमान का नाही याचं उत्तर मला द्यायचंय कारण हा माझा आवडीचा विषय आहे.
विमान तेवढं जाऊ शकतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क १५,३०० किमीच्या वर आहे, सिंगापूर एअरलाइन्सचं एअरबस ए३५० चं यूएलआर (अति लांब पल्ल्याचं) मॉडेल ते न थांबता जातं, अठरा-साडेअठरा तासात. म्हणजे मुंबई-ब्युनॉस आयर्स १४,९५० तांत्रिकदृष्ट्या जमण्यातलं आहे. पण त्या विमानात सीट किती आहेत बघा, फक्त १६१, इकॉनॉमी क्लासच नाही, सगळे बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी. कारण एवढं लांब जायचं तर इंधनच एवढं भरावं लागतं की माणसं आणि सामान कमी करावं लागतं. आणि सुरुवातीच्या तासांत जे इंधन जळतं त्यातलं बरंचसं शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेण्यातच जातं. म्हणून मधे उतरून परत भरणं कितीतरी वेळा स्वस्त पडतं. त्यात भारत-अर्जेंटिना रोज विमान भरेल एवढी माणसं जात नाहीत. दुबई काय आणि अदिस काय, तिथं वीस-तीस शहरातली माणसं एकत्र येतात आणि मग मोठं विमान भरतं, सगळा खेळ तो आहे.
दुसरं म्हणजे अंतर आणि वेळ यांचं नातं वाऱ्यावर आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को आधी अटलांटिकवरनं जायचं, साधारण १३,९०० किमी. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते पॅसिफिकवरनं न्यायला सुरुवात केली, १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि तरी साडेचौदा तासात पोचलं, आधीपेक्षा लवकर! कारण वरच्या हवेतले जोराचे वारे पश्चिमेकडनं पूर्वेला वाहतात, पॅसिफिकवरनं जाताना ते पाठीशी येतात आणि अटलांटिकवरनं जाताना तोंडावर. दक्षिण गोलार्धातपण ३०-४० अंशांच्या पट्ट्यात असेच वारे आहेत, ब्युनॉस आयर्स त्याच पट्ट्यात येतंय. म्हणून तुमचं जातानाचं हवेतलं अंतर तेवढंच असूनही येताना हवेतला वेळ थोडा कमी दिसेल. तिकिटावर दोन्ही वेळा वेगळ्या दिसल्या तर घाबरू नका.
आणि जाता जाता, २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू १४,००० किमीचं विमान उत्तर ध्रुवावरनं आणलं ते सगळ्या महिला वैमानिकांनी, कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली. दोऱ्याचा प्रयोग त्या दोन शहरांवरपण करून बघा, दोरा थेट ध्रुवाकडं जातो.

राजारामपुरी_मेडिकल
काकांच्या तब्येतीचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेडिकल स्टोअर आहे माझं, डॉक्टर नाही, पण अशा प्रवासाच्या आधी लोक येऊन विचारतात त्यामुळं हे विषय माहीत आहेत.
यलो फीव्हरची लस वयाच्या साठीनंतर पहिल्यांदा घेताना डॉक्टरांनी आधी तपासून ठरवावी लागते, कारण त्या वयात गंभीर साइड इफेक्टची शक्यता क्वचित असली तरी तरुणांपेक्षा जास्त असते. अंड्याची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. त्यामुळं तिकीट काढायच्या आधी काकांना तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं न्या, सगळी औषधं दाखवा, ते हो म्हणाले की मगच पुढचं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, पासपोर्ट बरोबर लागतो. एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, २०१६ पासनं तसा नियम आहे. दहा दिवसांचा नियम वर दादांनी सांगितलाच आहे, पण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, महिनाभर आधी उरकून टाका.
शुगरच्या गोळ्यांचं म्हणजे, २४ तासांच्या प्रवासात साडेआठ तासांनी दिवस मोठा होतो, त्यात जेवणं किती आणि गोळी कधी हे डॉक्टरांकडनं कागदावर लिहून आणा. बहुतेक लोक ठरलेल्या जेवणाशी गोळी बांधतात, पण इन्सुलिन असेल तर हिशोब वेगळा. सगळी औषधं हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत अजिबात नको, प्रिस्क्रिप्शनची इंग्रजी प्रत बरोबर. थोडे जास्तीचे दिवस धरून घ्या. बिस्किटं, चणे, काहीतरी गोड खिशात असू द्या, जेवणाची ट्रॉली तुमच्या वेळेवर येईल असं नाही. डायबेटिक जेवण आधी सांगितलं तर देतात, निघायच्या किमान एक दिवस आधी बुकिंगमध्ये टाका.
साडेचौदा तास एका जागी बसणं हा खरा धोका, पायात रक्त साकळू शकतं. काकांना आयल सीट घ्या, खिडकी नको, दीड-दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरापर्यंत, चालायला सांगा, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचं. घट्ट पायमोजे डॉक्टरांना विचारून घ्या. गोलकीपर माणूस आहे म्हणताय, स्ट्रेचिंग शिकवायला नको.

मंगळवारपेठ_१०
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांना बसवून सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले १२० मिनिटं गोलपोस्टमध्ये उभं राहिलोय, विमानात नुसतं बसायचं तर आहे. पण लशीचं ऐकून गप्प झाले, उद्याच डॉक्टरांकडं जातोय.
आता एक शेवटचं. एका दमात जावं की दुबईत एक रात्र थांबून? घरात दोन मतं आहेत. आणि युरोपमार्गे एक स्वस्त तिकीट दिसतंय ते घ्यावं का?

दर्यावर्दी_गडहिंग्लज
काकांचं वय आणि गुडघा बघता मी तरी जाताना एक रात्र थांबा म्हणीन, येताना सरळ या. येताना माणसाला घर दिसत असतं, तेव्हा एका दमात येतो. पण दुबईत एअरपोर्टच्या बाहेर पडायचं तर व्हिसा लागतो, तो आधी काढा. एअरपोर्टच्या आतच तासांवर मिळणारं हॉटेल आहे, त्यात बाहेर पडायला लागत नाही, फक्त महाग पडतं. एकाच पीएनआरमध्ये थांबा टाकता येतो का ते शाहूपुरीवाल्यांना विचार. रिओ किंवा साओ पावलोत थांबायचं असेल तर ब्राझीलचा व्हिसा वेगळा, त्यापेक्षा नकोच.
युरोपमार्गे स्वस्त दिसतंय त्याआधी त्या देशाचा एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा आपल्या पासपोर्टला लागतो का ते त्यांच्या दूतावासाच्या साइटवर बघ. अमेरिकेतनं गेलास तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अर्जेंटिनाचा व्हिसापण आत्ताच सुरू कर, नोव्हेंबर लांब वाटतो पण कागदपत्रात वेळ जातो. एक बरं केलंस, नोव्हेंबर निवडलास, तिकडं तेव्हा उन्हाळा लागत असतो. जून-जुलैत गेला असतास तर कडाक्याची थंडी.

शाहूपुरी_तिकीटखिडकी
थांबा एकाच पीएनआरमध्ये टाकता येतो, ॲपवर मल्टी-सिटी म्हणून टाका किंवा आमच्यासारख्या कुणाकडनंही करून घ्या. मात्र चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात तर तो स्टॉपओव्हर धरतात आणि भाडं बदलू शकतं, चोवीसच्या आत ठेवलं तर तो साधा ट्रान्झिटच राहतो. बॅगा थेट ब्युनॉस आयर्सला टाकायच्या की दुबईत हातात घ्यायच्या हे मुंबईच्या काउंटरवर स्पष्ट विचारा आणि टॅगवर ईझेडई (ब्युनॉस आयर्सच्या एअरपोर्टचा कोड) लिहिलंय का बघा.

उजळाईवाडीचा_विमानवेडा
ईझेडई वरनं आठवलं, ब्युनॉस आयर्सला दोन एअरपोर्ट आहेत. तुमचं विमान उतरेल ते एसेइसाला, शहराबाहेर तीसेक किलोमीटर. दुसरा आएरोपार्के, कोड एईपी, तो शहरातच नदीकाठी, तिथनं मुख्यतः देशातल्या आणि शेजारच्या देशांच्या फ्लाइट जातात. पुढं इग्वासू धबधबा वगैरे बघायला डोमेस्टिक तिकीट काढणार असाल तर ते कुठल्या एअरपोर्टहून सुटतंय ते बघून काढा. उतरल्या उतरल्या त्याच दिवशी पुढची फ्लाइट नको, शहर मधे आहे आणि ट्रॅफिक पुण्यासारखं.

मंगळवारपेठ_१०
ठरलं मग. दुबईमार्गे, जाताना दुबईत चोवीस तासांच्या आत एक रात्र, येताना सरळ, सगळं एका पीएनआरवर, बीओएमहून. कोल्हापुरातनं आदल्या दिवशी सकाळी आठला गाडीनं निघणार. आधी डॉक्टर आणि लस, मग अर्जेंटिनाचा व्हिसा, मग तिकीट, याच क्रमानं. शाहूपुरीच्या दादांकडं सोमवारी येतोय, दुपारी दुकान उघडं असतं का तेवढं सांगा.

शाहूपुरी_तिकीटखिडकी
दीड ते चार बंद. चारनंतर या, काकांचा आणि तुमचा पासपोर्ट घेऊन या, एक्सपायरी सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे का ते घरनं निघायच्या आधीच बघा.